वेळनोंद व बिलिंग सॉफ्टवेअरमधील प्रकल्प

वेळनोंद व बिलिंग सॉफ्टवेअरमधील प्रकल्प म्हणजे एका क्लायंटच्या एका कामाचे तास, खर्च, दर, आगाऊ रक्कम आणि बिले ज्या एका खात्याखाली जमा होतात ते खाते. वकील, वास्तुविशारद, सनदी लेखापाल, डिझाइन स्टुडिओ आणि सॉफ्टवेअर सल्लागार यांच्याकडे ही पद्धत रूढ आहे. हार्वेस्ट, टॉगल ट्रॅक आणि क्लॉकिफाय या सॉफ्टवेअरचा भर वेळनोंदीवर असतो. झोहो बुक्स या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये वेळनोंद आणि जीएसटीचे इनव्हॉइस एकाच ठिकाणी होतात. बिलातल्या बहुतेक चुकांचे मूळ प्रकल्प उघडताना भरलेल्या किंवा रिकाम्या सोडलेल्या रकान्यांत असते. त्या उघडकीस मात्र दोन-तीन महिन्यांनी, बिल काढताना येतात.

रचना. क्लायंट, त्याखाली प्रकल्प, त्याखाली टास्क आणि टास्कखाली प्रत्यक्ष वेळनोंद, अशी उतरंड असते. जितके करार तितके प्रकल्प, हा नियम व्यवहारात सोयीचा ठरतो. एकाच क्लायंटचा बंगला ठोक शुल्कावर आणि ऑफिसची अंतर्गत सजावट तासांवर असेल, तर दोन प्रकल्प हवेत. उलट टोकाला जाऊन प्रत्येक टप्प्याला वेगळा प्रकल्प केला, की यादी लांबते आणि कर्मचारी घाईत चुकीच्या नावावर तास टाकतात. टप्पे टास्क म्हणून ठेवावेत. वास्तुविशारदाकडे संकल्पना आराखडा, मंजुरीची ड्रॉइंग, कामाची ड्रॉइंग, साइट भेट, क्लायंटने मागितलेले बदल आणि अंतर्गत बैठक एवढी टास्क सहसा पुरतात. यांतली अंतर्गत बैठक बिलाबाहेरची म्हणून खूण करायची असते. ‘बदल’ हे टास्क सुरुवातीपासूनच वेगळे नसेल, तर जादा कामाचे पैसे मागताना हातात पुरावा राहत नाही.

बिलिंगची पद्धत व दर. झोहो बुक्स चार पर्याय देते: संपूर्ण प्रकल्पाचे ठोक शुल्क, प्रकल्पाच्या तासांवर एकच दर, टास्कनिहाय दर आणि कर्मचारीनिहाय दर. हार्वेस्टमध्ये तास-आधारित, ठोक शुल्काचा आणि बिलाबाहेरचा असे तीन प्रकार आहेत. कर्मचारीनिहाय दर वापरताना नवा माणूस प्रकल्पात मध्येच घेतला आणि त्याचा दर भरायचा राहिला, तर त्याचे तास शून्य रुपयांनी बिलात येऊ शकतात. तासांचा आकडा बरोबर दिसत असल्याने ही चूक सहज निसटते. दरवाढ करतानाही नवा दर फक्त पुढच्या नोंदींना लागणार की मागच्या, अजून बिल न झालेल्या नोंदींनाही, हे जतन करण्यापूर्वी तपासावे. ठोक शुल्काच्या कामातही तास नोंदवणे सोडू नये. पगारावर आधारित खर्चाचा दर भरलेला असेल तरच काम फायद्यात गेले की तोट्यात, हे कळते.

बजेट. मर्यादा तासांत किंवा रुपयांत ठेवता येते. रिटेनर करारात, म्हणजे दरमहा ठरावीक कामाच्या करारात, ती दरमहा नव्याने सुरू व्हावी अशी सोय असते. ठरावीक टक्केवारीला, बहुधा ८० टक्क्यांना, इशाऱ्याचा ईमेल येतो. पण टाइमशीट, म्हणजे तासांचा तक्ता, आठवड्यातून एकदाच भरली जात असेल, तर हा ईमेल येईपर्यंत बजेट कदाचित संपलेलेही असते. अशा ठिकाणी इशारा ६५ ते ७० टक्क्यांवर आणलेला बरा.

वेळनोंद. दीड तास काम करून १.३० लिहिणे ही नेहमीची गफलत. दशांश पद्धतीत १.३० म्हणजे १ तास १८ मिनिटे, म्हणजे १२ मिनिटे गेली. १:३० किंवा १.५ असेच लिहायला हवे. राऊंडिंगचा परिणाम त्याहून मोठा असतो. सात-सात मिनिटांचे सहा फोन म्हणजे ४२ मिनिटे. प्रत्येक नोंद १५ मिनिटांच्या पटीत वर नेली तर ९० मिनिटे होतात, एकूण बेरीज वर नेली तर ४५. तासाला २,००० रुपये दर असेल तर बिल ३,००० रुपयांचे की १,५०० चे, एवढा हा फरक आहे. कुठली पद्धत लागू आहे ते करारपत्रात लिहिलेले असावे. अमेरिकी वकिली व्यवसायात सहा मिनिटे, म्हणजे ०.१ तास, हे एकक रूढ आहे.

नोंदीचे वर्णन बिलावर छापले जाणार हे धरूनच लिहावे. ‘काम’, ‘फोन’ असल्या एकशब्दी नोंदींवरून क्लायंट हमखास वाद घालतो. टाइमशीटची मंजुरी आठवड्याच्या आठवड्याला उरकून नोंदी कुलूपबंद कराव्यात. बिल झालेले तास सॉफ्टवेअर वेगळे काढते, मात्र बिल त्याच सॉफ्टवेअरमधून निघाले तरच. घाईत वर्डमध्ये बिल बनवून पाठवले, की ते तास ‘बिल बाकी’ राहतात आणि पुढच्या महिन्यात पुन्हा आकारले जातात.

भारतातील बिल. व्यावसायिक सेवांवर सर्वसाधारणपणे १८ टक्के जीएसटी लागतो. राज्यातल्या राज्यात त्याचे ९ टक्के सीजीएसटी (केंद्राचा) आणि ९ टक्के एसजीएसटी (राज्याचा) असे भाग पडतात, राज्याबाहेर तो आयजीएसटी (आंतरराज्य कर) होतो. वास्तुविशारद आणि अंतर्गत सजावटकारांना इथे सांभाळावे लागते. स्थावर मालमत्तेशी थेट संबंध असलेल्या सेवेचे पुरवठ्याचे ठिकाण, ज्यावरून यांतला कुठला कर लागतो ते ठरते, म्हणजे ती मालमत्ता जिथे आहे ते राज्य, क्लायंटचा पत्ता नव्हे. पुण्याच्या वास्तुविशारदाने पुण्याच्याच क्लायंटसाठी गोव्यातल्या बंगल्याचे काम केले, तर आयजीएसटी लागतो. सॉफ्टवेअर मात्र राज्य क्लायंटच्या पत्त्यावरून उचलते आणि बिनदिक्कत सीजीएसटी-एसजीएसटी लावते. प्रत्येक बिलात पुरवठ्याचे ठिकाण हाताने बदलावे लागते. ते विसरू नये म्हणून प्रकल्पाच्या नावातच मालमत्तेचे राज्य लिहिलेले चांगले.

सेवा पुरवल्यापासून ३० दिवसांत इनव्हॉइस निघावे लागते. तीन महिन्यांहून अधिक चालणाऱ्या, हप्त्याहप्त्याने पैसे यायच्या करारात देणे एखाद्या टप्प्याच्या पूर्ततेला जोडलेले असेल, तर टप्पा पुरा होण्याच्या दिवसापर्यंतच इनव्हॉइस हवे. त्यामुळे टास्क ‘पूर्ण’ करण्याची तारीख मनाला येईल तशी टाकून चालत नाही. सेवांसाठी घेतलेल्या आगाऊ रकमेवर ती मिळताच जीएसटीची देयता येते, म्हणून तिची पावती प्रकल्पाला जोडून कराची फोडही तिथेच भरावी. इनव्हॉइसचा क्रमांक सलग, आर्थिक वर्षात एकमेव आणि जास्तीत जास्त १६ अक्षरांचा असावा लागतो. प्रकल्पाचा लांबलचक कोड त्यात कोंबला की ही मर्यादा ओलांडली जाते.

टीडीएसचा, म्हणजे क्लायंट पैसे देतानाच कापून सरकारकडे भरतो त्या आयकराचा, घोळ वसुलीच्या वेळी होतो. टप्प्याचे शुल्क २,००,००० रुपये, त्यावर जीएसटी ३६,०००, एकूण २,३६,०००. जीएसटी वेगळा दाखवलेला असल्याने टीडीएस मूळ शुल्कावरच कापला जातो: १० टक्क्यांनी २०,००० रुपये. बँकेत २,१६,००० येतात. पैसे जमा दाखवताना टीडीएसचा रकाना रिकामा सोडला, तर २०,००० रुपये थकबाकीत दिसत राहतात आणि सगळे पैसे चुकते केलेल्या क्लायंटला सॉफ्टवेअर आपोआप तगाद्याचे ईमेल पाठवू लागते.

प्रकल्प बंद करणे. संपलेला प्रकल्प खोडू नये, अर्काइव्ह करावा, म्हणजे चालू यादीतून काढून जपून ठेवावा. खोडल्यास जुन्या बिलांमागचे तास गायब होण्याचा धोका असतो. अर्काइव्ह करण्यापूर्वी बिल न झालेले तास, प्रवास व छपाईचा न लावलेला खर्च, बिलात न वळवलेली आगाऊ रक्कम आणि टायमर चालू राहिल्याने झालेल्या चौदा-पंधरा तासांच्या नोंदी पाहाव्यात. कापलेला टीडीएस आयकर खात्याच्या करजमा विवरणात दिसेपर्यंत प्रकल्प उघडा ठेवण्याची पद्धत अनेक लेखापाल पाळतात, कारण क्लायंटने कापलेली रक्कम भरली नसेल तर ती मागताना बिल आणि जमेची नोंद याच खात्यातून काढून दाखवावी लागते.