लाल पाकीट (होंगबाओ)

लाल पाकीट : चिनी नववर्ष, विवाह, अपत्यजन्म, दुकानाचा शुभारंभ अशा प्रसंगी लाल कागदी पाकिटातून रोख रक्कम देण्याची प्रथा. प्रमाण चिनी भाषेत तिला होंगबाओ म्हणतात, हाँगकाँग व दक्षिण चीनमधील ग्वांगदोंग प्रांताकडे लाय-सी, तर फूज्येन प्रांतातून सिंगापूर-मलेशियात स्थायिक झालेल्यांमध्ये आंग-पाऊ. नववर्षाला वडीलधारी मंडळी मुलांना जी रक्कम देतात तिला यास्वेछ्येन असे वेगळे नाव आहे. व्हिएतनाममधील ली-सी हा शब्द लाय-सीशी संबंधित आहे.

उगम : प्रथेचा उगम सर्वसाधारणपणे हान काळातील (इ. स. पू. 206 ते इ. स. 220) ताईत-नाण्यांपर्यंत नेला जातो. ही नाणी चलनात नव्हती. एका बाजूला ‘जगात शांतता नांदो’ अशा धर्तीची शुभवचने, दुसऱ्या बाजूला तारे, तलवार, कासव-सर्प अशी चिन्हे, आणि उपयोग अंगावर बाळगण्यापुरता. पैशाच्या आकाराच्या वस्तूने अरिष्ट टळते ही समजूत यावरून जुनी ठरते. मात्र ही नाणी नववर्षाला मुलांना वाटत असत, असे त्यांवरून म्हणता येत नाही.

तांग काळाचे (618–907) दोन दाखले वारंवार दिले जातात आणि दोन्ही जपूनच वापरावे लागतात. पहिला कवी वांग ज्येन याच्या राजवाड्यावरील कवितांतला. तेथे अंतःपुरातील स्त्रियांना नाणी वाटल्याचा उल्लेख आहे खरा, पण प्रसंग हानशी या वसंतातील सणाचा आहे, नववर्षाचा नाही. दुसरा इ. स. 751 मधला. सम्राट श्वानझोंगने आपली लाडकी राणी यांग ग्वेफेई हिला ‘बाळाच्या न्हाणाचे पैसे’ म्हणून सोन्या-चांदीची नाणी दिली, असे इतिहासकार सिमा ग्वांगच्या ग्रंथात नोंदले आहे. हा ग्रंथ 1084 मध्ये, म्हणजे सव्वातीनशे वर्षांनी पुरा झाला. शिवाय ते ‘बाळ’ म्हणजे सेनापती आन लूशान होता, आणि एकूण प्रकार दरबारी थट्टेचा होता. जन्मप्रसंगी नाणी देण्याची रीत तेव्हा होती, एवढेच त्यावरून निघते.

यास्वेछ्येन या नावाचा अर्थ ‘वर्ष दाबून धरणारे पैसे’ असा लावतात. त्यातील ‘स्वे’ (वर्ष) आणि अरिष्ट आणणारा ‘स्वे’ यांचा उच्चार एकच असल्याने मूळ अर्थ दुसरा असावा, असे एक मत आहे. वर्षाच्या अखेरच्या रात्री झोपलेल्या मुलांच्या कपाळाला स्पर्श करणारा स्वे नावाचा पिशाच्च आणि त्याला पिटाळणारी लाल कागदातील आठ नाणी, ही कथा याच मताच्या पुष्टीसाठी सांगितली जाते. ती कथा नावाचे स्पष्टीकरण म्हणून मागाहून रचली गेली असावी, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

भक्कम पुरावा मिळतो तो छिंग काळाच्या (1644–1912) उत्तरार्धात. दुनचोंग याने पेकिंगच्या (आजचे बीजिंग) सणवारांवर लिहिलेल्या आणि 1906 मध्ये छापलेल्या पुस्तकात, नाणी रंगीत दोऱ्यात ओवून ड्रॅगनच्या आकारात गुंफतात व पलंगाच्या पायाशी ठेवतात, तीच यास्वेछ्येन, असे म्हटले आहे. वडीलधाऱ्यांनी मुलांना दिलेल्या पैशांनाही हेच नाव असल्याचे तो नोंदवतो. या वर्णनात दोरा आहे, कागद नाही. भोकाची नाणी ओवता येत होती तोवर पाकिटाची गरजच नव्हती. प्रजासत्ताक काळात (1912–49) शंभर तांब्याची नाणी लाल कागदात गुंडाळून ‘शंभर वर्षे जग’ या आशयाने देत, आणि वयात आलेल्या मुलांना चांदीचा एक डॉलर. पुढे नोटा आल्या व छापील पाकीट रूढ झाले. पैसे देण्याची रीत जुनी आणि पाकीट मात्र विसाव्या शतकातले, असाच या सर्वांचा निष्कर्ष काढावा लागतो.

नोटा व पाकीट : नोटा कोऱ्या लागतात, ओळीने क्रमांक असलेल्या मिळाल्यास उत्तम, कारण ‘ओळीने’ यात भरभराट सतत राहण्याचा संकेत आहे. नववर्षाच्या पाकिटात नाणी घालत नाहीत. हाँगकाँगचे चलन प्राधिकरण दरवर्षी ‘नव्यासारख्या’ स्वच्छ जुन्या नोटाही वापरण्याचे आवाहन करते.

पाकिटांचे मुख्य दोन आकार. लांब पाकिटात (सुमारे 17 × 9 सेंमी) 100 युआनची नोट (155 × 77 मिमी) न दुमडता बसते. हाँगकाँगचे छोटे पाकीट सुमारे 8 सेंमी रुंद असते. 100 हाँगकाँग डॉलरची नोट (153 × 76.5 मिमी) मधोमध दुमडली की त्यात जेमतेम जाते; 1000 डॉलरची (163 × 81.5 मिमी) तशीच दुमडली तर अडकते, तिला आणखी एक घडी लागते. झाकण डिंकाने चिकटवू नये, उघडताना नोट फाटते. नुसते आत खोचावे. कोऱ्या नोटा एकमेकींना चिकटतात, म्हणून भरताना प्रत्येक नोट बोटाने सुटी करून मोजावी. बाहेरून रक्कम कळत नसल्याने जाणते लोक प्रत्येक रकमेसाठी वेगळ्या नक्षीचे पाकीट ठेवतात. 20 डॉलरवाले पाकीट सख्ख्या भाच्याला आणि 100 वाले पहारेकऱ्याला जाणे ही नेहमीची फजिती.

रक्कम : 4 हा आकडा टाळतात (उच्चार ‘मृत्यू’शी मिळतो), 8 पसंत करतात. शुभकार्यात सम रक्कम. विषम रक्कम अंत्यविधीची, तीही पांढऱ्या पाकिटात. हाँगकाँगमध्ये अंत्यविधीला 101 डॉलर देतात. आहेराला 101 लिहिण्याची सवय असलेल्या मराठी पाहुण्याने चिनी लग्नात हे ध्यानात ठेवावे. अंत्यविधीला आलेल्यांना घरची मंडळी एक नाणे व गोड गोळी घातलेले छोटे पाकीट देतात. गोळी खाऊन, नाणे खर्चून मगच घरी जायचे असते. नववर्षाच्या रकमेत प्रांतोप्रांती मोठा फरक आहे. ग्वांगदोंगमध्ये 5–10 युआनही चालतात, इतरत्र ते कमीपणाचे ठरेल. लग्नात पाकिटावर नाव लिहून ते दाराशी मांडलेल्या मेजावर देतात, तेथे रक्कम वहीत चढते आणि पुढे परतफेड त्या नोंदीवरून, थोडी वाढवून होते.

साधारणतः विवाहितांनी अविवाहितांना, मालकाने नोकरांना द्यायचे. दोन्ही हातांनी द्यावे-घ्यावे; देणाऱ्यासमोर उघडू नये. हाँगकाँगमध्ये ही देवघेव नववर्षाच्या पहिल्या दिवसापासून पंधराव्यापर्यंत चालते.

मोबाइलवरील पाकीट : वीचॅट या चिनी संदेश-ॲपने ही सोय 2014 च्या नववर्षाच्या सुमारास आणली. नवी गोष्ट होती ती गटात टाकलेली रक्कम यदृच्छेने वाटली जाण्याची. वाटणीचे सूत्र बहुधा असे : प्रत्येकाला 0.01 युआनपासून उरलेल्या सरासरीच्या दुपटीपर्यंत काहीही. 10 युआन पाच जणांत असतील तर पहिल्याला जास्तीत जास्त 4. सरासरीने सर्वांना 2 च मिळतात, पण शेवटच्यांच्या वाट्यात चढउतार अधिक. एका पाकिटाची नेहमीची मर्यादा 200 युआन. 24 तासांत न उघडलेली रक्कम परत येते. अलीपे या पैसे देण्याच्या ॲपच्या 2016 मधील ‘पाच फू’ (फू म्हणजे सौभाग्य) पत्ते जमवण्याच्या खेळात 7,91,405 जणांनी संच पुरा केला व प्रत्येकी 271.66 युआन मिळवले.

कायदा : शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांना पाकीट देण्याच्या चालीला आळा घालण्यासाठी 1 मे 2014 पासून मोठ्या रुग्णालयांत डॉक्टर व रुग्ण यांनी ‘देणार नाही, घेणार नाही’ असा लेखी करार करण्याचा नियम झाला. मुलांना मिळालेली रक्कम मुलांचीच; 2021 पासून लागू नागरी संहितेच्या 35 व्या कलमानुसार पालक ती केवळ मुलाच्या हितासाठीच वापरू शकतात.

इतर समाज : मलेशिया-सिंगापूरमध्ये मलय मुसलमान ईदला हिरवी पाकिटे देतात, तर तेथील भारतीयांत दिवाळीला बहुधा जांभळी.