‘ओके’ म्हणजे ‘शून्य ठार’ नव्हे

मालवणच्या धक्क्यावर सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या लागतात, तिथे थोडा वेळ उभं राहा. भाडं ठरलं की ओके. ‘बरो आसस मा?’ला उत्तरही ओके. आणि कोणी लांबवून ‘ओक्केऽऽ’ म्हणालं तर समजायचं, पटलेलं नाही. इतका कामाचा शब्द, म्हणून त्याच्याबद्दलची थाप खटकते.

मेसेज असा फिरतो: अमेरिकी यादवी युद्धात एकही सैनिक मेला नाही की ‘झिरो किल्ड’, म्हणून शून्य आणि ‘के’ लिहीत. हे खरं नाही. ते युद्ध पेटलं १८६१ मध्ये. ‘ओके’ त्याआधी २२ वर्षं, २३ मार्च १८३९ च्या ‘बोस्टन मॉर्निंग पोस्ट’मध्ये छापून आला होता. तेव्हा मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगची आद्याक्षरं वापरायची गंमत तिकडे जोरात होती. ‘ऑल करेक्ट’चं ‘ओल कोरेक्ट’ केलं, त्याचं हे रूप. अॅलन वॉकर रीड या भाषा-अभ्यासकाने १९६० च्या दशकात जुनी वर्तमानपत्रं चाळून हे दाखवलं.

तशा बाकीच्या गमती विरल्या. हा टिकला, कारण १८४० च्या अमेरिकी अध्यक्षपदाच्या निवडणुकीतले उमेदवार, किंडरहूक गावच्या मार्टिन व्हॅन ब्युरेन यांचे समर्थक त्यांना ‘ओल्ड किंडरहूक’ म्हणत. आद्याक्षरं तीच.