पैशांचे ॲप चालवणाऱ्या कंपन्यांना बँक का व्हायचे असते?

(ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

आमच्या नौपाड्यातील कार्यालयात कर आणि गुंतवणुकीच्या कामासाठी येणारे अनेक ग्राहक सध्या विचारतात की, ज्या ॲपवरून आपण रोज पैसे पाठवतो ती कंपनी बँक झाली तर आपले पैसे अधिक सुरक्षित होतील का. याचे उत्तर देण्यापूर्वी कंपनीला बँक होण्याची गरज का भासते, हे पाहावे लागते.

जांभळी नाक्यावरील एखाद्या किराणा व्यापाऱ्याला गिऱ्हाइकाने क्यूआर कोड स्कॅन करून बँक खात्यातून पाचशे रुपये दिले, तर ते पूर्ण पाचशे रुपये व्यापाऱ्याच्या खात्यात जमा होतात. जानेवारी २०२० पासून अशा यूपीआय व्यवहारावर दुकानदाराकडून शुल्क घेता येत नाही, त्यामुळे व्यवहार कितीही वाढले तरी त्यातून ॲप कंपनीला फारसे उत्पन्न मिळत नाही. खरी कमाई कर्ज देण्यात आहे, आणि कर्ज द्यायचे तर पैसा लागतो. हा पैसा ॲप कंपनीला दुसऱ्या बँकांकडून किंवा वित्तीय कंपन्यांकडून चढ्या दराने उचलावा लागतो, अथवा त्यांच्यासाठी केवळ कर्जदार शोधून देऊन दलालीवर समाधान मानावे लागते. बँकेला मात्र आपल्यासारख्यांच्या बचत आणि चालू खात्यांतील पैसा अत्यंत कमी व्याजात मिळतो. मागताक्षणी परत करावयाच्या अशा ठेवी स्वीकारण्याची मुभा बँकांनाच आहे. वॉलेटमधील, म्हणजे ॲपमध्ये आगाऊ भरून ठेवलेली रक्कम कंपनीला बँकेतील स्वतंत्र एस्क्रो खात्यात (ग्राहकांच्या पैशांसाठी राखून ठेवलेल्या खात्यात) ठेवावी लागते आणि ती कर्जाऊ देता येत नाही. स्वस्त आणि टिकाऊ पैसा हे बँकेचा परवाना मागण्यामागचे पहिले कारण आहे.

दुसरे कारण नियमांचे आहे. जून २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकेतर कंपन्यांच्या वॉलेट व प्रीपेड कार्डांत कर्जाची रक्कम भरण्यास मनाई केली आणि अशा कार्डांवर उभ्या असलेल्या कंपन्यांचा धंदा अडचणीत आला. त्यांपैकी स्लाइस ही कंपनी पुढे गुवाहाटीच्या नॉर्थ ईस्ट स्मॉल फायनान्स बँकेत (ही लघु वित्त बँक, म्हणजे मुख्यतः छोट्या ग्राहकांना व उद्योगांना कर्ज देणारी बँक) विलीन झाली. हे विलीनीकरण ऑक्टोबर २०२४ मध्ये अमलात आले. दुसऱ्याच्या परवान्यावर चालणारा व्यवसाय एका परिपत्रकाने थांबू शकतो, हे त्या वेळी साऱ्यांना दिसले. पेमेंट्स बँकेचा मर्यादित परवानाही पुरेसा ठरत नाही, कारण तिला कर्ज देता येत नाही आणि एका ग्राहकाची दोन लाख रुपयांपेक्षा अधिक शिल्लक ठेवून घेता येत नाही. नवी मुंबईत, जुईनगरला मुख्यालय असलेल्या फिनो पेमेंट्स बँकेने लघु वित्त बँक होण्यासाठी अर्ज केला, तो याच पार्श्वभूमीवर.

नव्या लघु वित्त बँकेसाठी साधारणपणे किमान २०० कोटी रुपयांचे भांडवल लागते, जोखमीच्या प्रमाणात किमान १५ टक्के भांडवल सतत राखावे लागते आणि रिझर्व्ह बँकेची तपासणी सोसावी लागते. कंपन्यांना हा भार वाटतो. ठेवीदाराच्या दृष्टीने तोच खरा लाभ आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

तरीही परवाना म्हणजे पूर्ण हमी नव्हे. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले तेव्हा तिचे ठेवीदार किती हवालदिल झाले होते, हे ठाणे-मुंबईकरांना सांगायला नको. जानेवारी २०२२ मध्ये ही बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली, आणि युनिटीच्या उभारणीत सेंट्रम या वित्तीय कंपनीसोबत भारतपे ही क्यूआर कोडची कंपनी भागीदार होती. म्हणजे एका वित्त-तंत्रज्ञान कंपनीला बँकिंगमध्ये प्रवेश मिळाला आणि बुडू लागलेल्या बँकेच्या ठेवीदारांना वाट मिळाली. मात्र पाच लाखांवरील रकमेसाठी त्यांना टप्प्याटप्प्याने, दहा वर्षांपर्यंत थांबण्याची योजना स्वीकारावी लागली.

म्हणून ॲपवर ठेव ठेवताना पडद्याच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेले बँकेचे नाव अवश्य वाचावे आणि ठेवीची पावती कोणाच्या नावाने निघते ते पाहावे. ठेव विमा महामंडळाचे संरक्षण त्या बँकेतील ठेवीला असते, ॲपला नव्हे, आणि वॉलेटमधील शिल्लक त्यात येत नाही. फेब्रुवारी २०२० पासून या संरक्षणाची मर्यादा एका ठेवीदारासाठी एका बँकेत मुद्दल व व्याज मिळून पाच लाख रुपये आहे. एकाच बँकेच्या सर्व शाखांत स्वतःच्या नावावर असलेल्या ठेवी यासाठी एकत्र धरल्या जातात, मग त्यांतील काही शाखेत जाऊन ठेवलेल्या असोत वा दोन वेगवेगळ्या ॲपमधून. आपल्या ठेवी कोणत्या बँकेत किती आहेत, याची यादी करून आणल्यास आमचे कर्मचारी ती आपल्यासोबत तपासून देतील.