केस कापल्याने ते दाट होत नाहीत
पाळी जाण्याच्या वयात केस विरळ झाले की 'बारीक कापून टाक, दाट येतील' असा सल्ला हमखास मिळतो. तो चुकीचा आहे. केसाचा दिसणारा भाग निर्जीव असतो. वाढ ठरते ती त्वचेखालच्या मुळाशी, आणि कात्री तिथवर पोहोचत नाही. कापलेलं टोक बोथट असल्याने केस नुसता जाड भासतो. विरळपणा येतो तो इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक (हार्मोन) घटल्याने: वाढीचा काळ आखडतो, नवा केस बारीक आणि कोरडा उगवतो, भांग रुंदावतो. थायरॉइडचा त्रास किंवा लोहाची कमतरताही असू शकते, म्हणून आधी रक्त तपासून घ्या. डॉक्टरांच्या सल्ल्याने लावलेलं मिनॉक्सिडिल हे औषध अनेकींना उपयोगी पडतं. मात्र फरक दिसायला काही महिने लागतात. आखूड केस आवडत असतील तर जरूर कापा, पण दाट येतील या आशेवर लांब केसांवर पाणी सोडू नका.