उपग्रहाला डास दिसत नाहीत
उपग्रह वरून डासांचे थवे टिपतो आणि नकाशावर लाल डाग उमटतात, असा समज बरीच वर्षं फिरतो आहे. छे! लँडसॅट उपग्रहांच्या चित्रातला एक ठिपका 30 मीटरचा, डास जेमतेम काही मिलिमीटरचा. दिसतं ते हिरवळ, जमिनीचं तापमान, साचलेलं पाणी. त्यावरून डासांना पोषक जागांचा अंदाज बांधतात. रिफ्ट व्हॅली तापाबाबत, म्हणजे डासांमुळे गुरांना आणि माणसांना होणाऱ्या एका विषाणूजन्य आजाराबाबत, हे छान जमलं. पूर्व आफ्रिकेत कोरड्या खळग्यांच्या मातीत एडिस डासांची अंडी तग धरून असतात. पाणी भरलं की त्यांतून अळ्या निघतात. 2006 मध्ये एल निनोमुळे, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी तापल्यामुळे, पडलेला पाऊस आणि फोफावलेली हिरवळ पाहून साथीआधीच इशारा देता आला. डेंगीचं मात्र अवघड: त्याचा डास पिंपात, कुंडीखालच्या ताटलीत वाढतो. तिथे घरोघरी जाऊनच पाहावं लागतं.