छत्रे सर्कस

भारतीय मालकीची पहिली आधुनिक फिरती सर्कस. नाव ‘ग्रेट इंडियन सर्कस’, पण लोकांच्या तोंडी ती छत्र्यांची सर्कस म्हणूनच राहिली. संस्थापक विष्णुपंत मोरेश्वर छत्रे (१८४०–१९०५) हे सांगलीजवळच्या अंकलखोपचे. ग्वाल्हेरला राहून त्यांनी अश्वविद्या मिळवली आणि ग्वाल्हेर घराण्याचे गायक हद्दूखाँ यांच्याकडे गाण्याचीही तालीम घेतली. पुढे ते संस्थानी नोकरीत चाबुकस्वार, म्हणजे घोड्यांना शिकवणारे, होते.

जुझेप्पे कियारिनी यांची इटालियन सर्कस मुंबईत आली असता ‘असा खेळ उभा करायला हिंदी लोकांना वर्षे लागतील’ असे कियारिनींचे बोलणे विष्णुपंतांच्या जिव्हारी लागले, अशी कथा सांगतात. १८८०च्या सुमारास त्यांनी स्वतःची सर्कस काढली. चाबुकस्वाराने हे धाडस करावे यात नवल नाही, कारण सर्कस मुळात घोड्याचीच. रिंगणाचा ४२ फुटांचा व्यास घोड्यामुळेच ठरला: तेवढ्या वर्तुळात दौडताना घोडा आत कलतो आणि पाठीवर उभ्या स्वाराला तोल साधतो. पाय घसरू नये म्हणून घोड्याच्या पाठीवर राळेची पूड चोळतात.

विष्णुपंतांच्या पत्नीही खेळात उतरत. बंधू काशीनाथपंत कारभारात होते, पुढे सर्कस त्यांनीच सांभाळली. या घराण्याचे सर्वांत मोठे काम मात्र तंबूबाहेरचे आहे. गुरू हद्दूखाँ यांचे पुत्र, गायक रहिमतखाँ बनारसमध्ये अफूच्या व्यसनात हालअपेष्टांत दिवस काढत होते. विष्णुपंतांनी त्यांना शोधून आपल्याजवळ आणले. सर्कशीचा मुक्काम पडे तिथे खाँसाहेबांच्या बैठकी होऊ लागल्या. विष्णुपंतांमागे काशीनाथपंतांनीही त्यांना अंतर दिले नाही. १९२२ मध्ये खाँसाहेब कुरुंदवाडला वारले. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीमखाँ यांच्या गायकीवर या ‘भूगंधर्वा’ची छाप आहे. छत्र्यांनी हात दिला नसता तर हा सूर बहुधा बनारसच्या गल्लीतच संपला असता.

दक्षिणेच्या दौऱ्यात विष्णुपंतांची गाठ केरळातल्या मलबार भागातील तलश्शेरीचे व्यायामशिक्षक कीलेरी कुन्हीकण्णन यांच्याशी पडली. घोडे आणि जनावरे छत्र्यांकडे होती. कसरतपटू घडवण्याचे काम कुन्हीकण्णन यांनी अंगावर घेतले. १९०१ साली त्यांनी तिथे सर्कशीची शाळा काढली आणि पुढच्या काळात देशभरच्या तंबूंना झुल्यावरचे कलावंत मलबारहून मिळत गेले. इकडे सांगली-मिरज परिसरात म्हैसाळचे देवल, कार्लेकर यांच्या सर्कशी उभ्या राहिल्या. पुण्यात मामा शेलार यांच्या सर्कशीत वाढलेले दामू धोत्रे पुढे बिबटे-वाघ घेऊन अमेरिकेच्या रिंगलिंग ब्रदर्स सर्कशीपर्यंत पोहोचले.