हिवाळी बागेसाठी वनस्पतींची निवड (बेळगाव सीमाभाग)

कार्तिकापासून माघअखेरपर्यंत बागेत फुले, रंगीत पाने वा ताजी हिरवाई राहावी म्हणून आगाऊ योजून केलेली लागवड. थंड देशांच्या उद्यानशास्त्रात हिवाळी बाग म्हणजे पाने झडून उघड्या पडलेल्या बागेला सदाहरित झुडपे, रंगीत साली आणि फळांचे घोस यांनी सावरणे. बेळगाव (2014 पासून अधिकृत नाव बेळगावी), खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात तो अर्थ लागू पडत नाही. येथे बागेची दैना होते ती आषाढ-श्रावणातल्या झडीत; हिवाळा हा बहराचाच काळ असतो. त्यामुळे निवडीचा प्रश्न पावसात न कुजता तग धरून थंडीत वेळेवर काय फुलेल, एवढाच उरतो.

बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून सु. 750 मी. उंचीवर आहे. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा 13-15° से.च्या आसपास उतरतो, एखाद्या लाटेत 10° से.च्याही खाली जातो. पण पाणी गोठत नाही. म्हणून थंडीने झाड मरेल ही भीती येथे गौण असून जमीन आणि दव यांचा विचार अधिक करावा लागतो. पश्चिमेकडे खानापूर-जांबोटी भागात जांभ्याची निचऱ्याची माती आणि भरपूर पाऊस, तर पूर्वेकडे चिकोडी-अथणीच्या बाजूस काळी, ओल धरणारी जमीन आणि बेताचा पाऊस. जांभ्यात दसरा उलटताच आळ्यांना पाणी द्यावे लागते. काळ्या जमिनीत मात्र वाफसा येईपर्यंत, म्हणजे माती कामाजोगी सुकेपर्यंत, वाफे करताच येत नाहीत.

फुलण्याचे कारण थंडी असे सर्रास समजले जाते. शेवंती व पॉइन्सेटिया यांच्या बाबतीत ते पुरेसे नाही. या वनस्पती रात्रीची लांबी मोजतात: सलग अंधार ठराविक तासांपेक्षा वाढला की कळ्या धरू लागतात. बेळगावच्या अक्षांशावर (सु. 15° 52' उत्तर) सर्वांत मोठा दिवस सु. 13 तासांचा व सर्वांत लहान सु. 11 तास 10 मिनिटांचा असतो. फरक जेमतेम दोन तासांचा, तरी तो पुरतो. रस्त्यावरच्या दिव्याखाली ठेवलेली पॉइन्सेटियाची कुंडी हिरवीच राहते आणि दोष बिचाऱ्या खताला दिला जातो. पॉइन्सेटियाचे लाल दिसते ते फूल नव्हे, पाने होत. खरी फुले मधोमध बारीक पिवळट असतात.

शेवंती या नावाविषयी मतभेद आहेत. आज मराठीत शेवंती व कन्नडमध्ये सेवंतिगे हे शब्द एकाच फुलाला लावले जातात आणि या भागातल्या फुलबाजारात दोन्ही सहज चालतात. परंतु संस्कृत कोशांत सेमंती हे पांढऱ्या गुलाबाचे नाव म्हणून येते, हिंदीतही सेवती हा गुलाबाचाच प्रकार. बागेतली शेवंती मूळची चीनमधली. तेव्हा जुने नाव नव्या फुलाला चिकटले, असे मानणे सोयीचे ठरते. ते केव्हा घडले हे ठरविण्याइतका पुरावा मात्र तुटपुंजा आहे. शब्द कन्नडमधून मराठीत आला की दोहोंनी तो स्वतंत्रपणे घेतला, यावर सीमाभागात वाद घालणारे पुष्कळ भेटतील. दोन्ही रूपांचे संस्कृत रूपाशी साम्य पाहता दुसरा पक्ष अधिक सरळ वाटतो. शेवंतीची लागवड जुन्या झाडाच्या काश्यांपासून (बुंध्याशी फुटणाऱ्या कोंबांपासून) करतात. पावसाळ्यात शेंडे खुडत गेल्यास झाड पसरते. खुडणी लांबली तर बहर मागे पडतो.

देशी झुडपांत कुंद व कोरांटी यांचे स्थान पहिले. कुंद, शास्त्रीय नाव जॅस्मिनम मल्टिफ्लोरम, ही जाईच्या गणातील वनस्पती असून बाजारात काकडा या नावानेही ओळखली जाते. अमरकोशात तिला माघ्य असा पर्याय दिला आहे, म्हणजे माघात फुलणारी. येथील अनुभवही त्याला धरूनच आहे. मोगरा थंडीत रुसून बसतो तेव्हा परड्यातल्या पांढऱ्या फुलांची उणीव कुंद भरून काढतो. वास मोगऱ्याइतका नाही, हे मान्य करावे लागेल.

कोरांटी (बार्लेरिया प्रजातीतील अनेक जाती, कन्नड – गोरंटे) हिच्या ओळखीचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. अमरकोशात सैरेयक किंवा झिंटी हे सर्वसाधारण नाव असून रंगावरून भेद केले आहेत: तांबडी ती कुरबक, पिवळी ती कुरंटक, निळी ती बाण वा आर्तगल. पिवळ्या, काटेरी जातीविषयी (बार्लेरिया प्रायोनायटिस) शंका नाही. कोरांटी हा शब्दही कुरंटकाशी जुळतो. निळी-जांभळी म्हणजे बहुधा बार्लेरिया क्रिस्टाटा. अडचण येते ती कुरबकाची. कालिदासाच्या मेघदूतात अलकेच्या (कुबेराच्या नगरीतील) स्त्रिया सहाही ऋतूंची फुले एकाच वेळी माळतात. तेथे कुंद हिवाळ्याचे तर कुरबक वसंताचे फूल म्हणून येते. कोरांटी तर कार्तिक-मार्गशीर्षात भर बहरात असते. मग एक तर तांबडी कोरांटी उशिरा फुलणारी निराळी जात असावी, किंवा काव्यातला कुरबक हे कोरांटीहून वेगळेच झाड असावे. प्रस्तुत नोंदीत दुसरा पक्ष ग्राह्य धरला आहे, कारण कोशकारांनी रंगावरून पाडलेले भेद प्रत्येक वेळी प्रत्यक्ष झाडाशी जुळतातच असे नाही. बागेच्या दृष्टीने यातून निष्पन्न इतकेच, की पिवळी व जांभळी कोरांटी कुंपणाला लावावी, पांढरी दाराशी. तिन्ही फांद्यांपासून सहज येतात आणि शेळ्या पिवळीच्या काट्यांना टाळतात.

वेलींमध्ये संक्रांतवेल. मूळ ब्राझीलची ही वेल (पायरोस्टेजिया व्हेनुस्टा) पौष-माघात नारिंगी नळीसारख्या फुलांनी मांडव झाकून टाकते. मराठी नाव फुलण्याच्या वेळेवरूनच पडले, हे उघड आहे. तिचा भार मोठा, म्हणून आधार भक्कम हवा. बहर नव्या फांद्यांवर येतो. छाटणी फुले झडल्यावर लगेच करावी, पावसाळ्यानंतर केल्यास त्या वर्षीची फुले गेलीच. कागदी फुलाची वेल (बोगनवेल) पाणी तोडल्यावर रंग धरते, तेव्हा तिला शेवंतीच्या वाफ्याशेजारी लावू नये.

मोठ्या आवारात देवकांचन आणि बुच. देवकांचन शरदात सुरू होऊन डिसेंबरपर्यंत फुलतो. बुच, म्हणजेच आकाशमोगरा (कन्नड – आकाशमल्लिगे), कार्तिकात पहाटे अंगणभर सडा टाकतो; लाकूड ठिसूळ असल्याने छपरापासून दूर लावणे बरे. सावर, पळस, पांगारा यांचा बहर माघ-फाल्गुनात पडतो. ते हिवाळ्याचे शेवटचे पाहुणे, पण शहरी बागेत त्यांना जागा कोठून आणणार?

हंगामी फुले – डेलिया, ॲस्टर, फ्लॉक्स, पिटुनिया, पॅन्झी, साल्व्हिया, डायँथस – बहुतेक परदेशी. 1818 मध्ये बेळगावचा किल्ला इंग्रजांकडे गेल्यानंतर छावणी वसली. तेथील बंगल्यांच्या आवारांतून ही फुले शहरात उतरली असावीत, असा तर्क करता येतो. बी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गादीवाफ्यावर टाकून चार-पाच आठवड्यांचे तरू (रोप) लावतात. गुलाबाची छाटणी ऑक्टोबरात केल्यास साधारण सहा-सात आठवड्यांनी फूल मिळते. डेलिया व गुलाबावर दवाच्या दिवसांत भुरी (पानांवरील पांढरट बुरशी) येते. पाणी सकाळी, मुळाशी द्यावे, पानांवर नव्हे. झेंडू मूळचा मेक्सिकोचा. त्याचा वापर सर्वश्रुत आहे. दसरा-दिवाळीचा झेंडू पावसाळ्यात लावलेला असतो, थंडीसाठी दुसरी पेरणी वेगळी करावी लागते.

सौंदत्तीच्या यल्लम्माची मार्गशीर्ष व माघ पौर्णिमेची यात्रा आणि मार्गशीर्षातले गुरुवार यांमुळे या महिन्यांत पिवळ्या-पांढऱ्या शेवंतीला मागणी वाढते. घरच्या कुंड्यांत हेच दोन रंग अधिक दिसतात. कारवारच्या किनाऱ्यावर थंडी एवढी पडत नाही. तेथे डेलिया-पॅन्झीपेक्षा अबोली व कोरांटीच भरवशाच्या.